लांकडी बैल आणि पितळी इंजिन

गेल्या पौषांत नागपुरास एका स्नेह्यांच्या माडीवर भरलेल्या एका लहानशा मेळाव्यास आम्ही वणीहून गेलों होतों. आगगाडीच्या लघुप्रतिकृति करण्याचा ज्यांस नाद आहे अशी वीस-पंचवीस मंडळी तेथें विदर्भांतून व विदर्भाबाहेरून जमली होती. दोन दिवस मेजांवर गाड्या फिरल्या, वादविवाद झाले, झुणका-भाकरीचीं जेवणें झालीं, आणि आम्ही परत आलों. या गोष्टीविषयीं मासिकांत लिहावें इतकें तिचें महत्त्व आम्हांसहि वाटलें नसतें. परंतु परत आल्यावर आमच्या परिचयाच्या एका विद्वान गृहस्थांनीं वाचनालयाच्या ओट्यावर चार लोकांदेखत आम्हांस विचारलें, "काय हो, केस पिकले तरी आगीनगाडी सुटली नाहीं वाटतें?" लोक हंसले, आम्हीहि हंसलों. पण गृहस्थ तेवढ्यावर थांबले नाहींत. पुढच्याच पंधरवड्यांत एका व्याख्यानांत त्यांनीं मध्यमवर्गाच्या रिकामटेकड्या करमणुकींचा समाचार घेतला व त्यांत आमच्या नादास अग्रपूजेचा मान दिला. त्यांचे आक्षेप चार होते. हा नाद पोरखेळ आहे. तो पैसेवाल्यांचा आहे. छायाचित्रें असतां त्याचें प्रयोजन नाहीं. आणि जी आगगाडी परकीयांनीं आपल्या लुटीसाठीं आणली तिच्या चिमुकल्या मूर्ति करून पूजणें हें गुलामगिरीचें उरलेलें व्यसन आहे.

या चारहि आक्षेपांस उत्तर देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. उत्तर देतां देतां आमच्याच गोटांतील मंडळीस, आणि प्रसंगीं स्वतःसहि, चार कडू शब्द सुनवावे लागतील. कारण विद्वान गृहस्थांचे आक्षेप ज्या ठिकाणीं खरे आहेत त्या ठिकाणीं ते आमच्याच वर्तनानें खरे ठरले आहेत.

पहिला आक्षेप पोरखेळाचा. हा आक्षेप वऱ्हाड-नागपुराकडील मनुष्यानें घ्यावा याचें आम्हांस विशेष नवल वाटतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसविलेले लांकडी बैल घेऊन पोरें रांगेनें उभीं राहतात; बैलांच्या शिंगांस बेगड, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगुरमाळ. त्या बैलांची पाहणी कोण करतो? पोरें करीत नाहींत. गांवांतील वडीलधारी, पागोटीं-टोप्या घातलेली मंडळी करतात. वशिंड जागेवर आहे किंवा नाहीं, मान जुवाखालीं जाईल अशी वळली आहे किंवा नाहीं, हें न्याहाळूनच चांगला बैल कोणता तें ठरतें. ज्यांच्या घरीं खरी जोडी आहे त्यांची नजर या कामीं सर्वांत कठोर असते. घाटावरच्या जिल्ह्यांत दिवाळींत मुलें मातीचे किल्ले करतात तेथेंहि हाच प्रकार. एखादा मुलगा मातीचा ढीग रचून त्यावर मावळे बसवितो आणि त्यास किल्ला म्हणतो. दुसरा राजगडाच्या तीन माच्या कोठें फुटतात व बालेकिल्ला कोठें बसतो याची चौकशी केल्याशिवाय मातीस हात लावीत नाहीं. दोघेहि मुलेंच, पण पहिला खेळतो आणि दुसरा राजगड शिकतो.

खेळणें व प्रतिकृति यांतील भेद येथेंच आहे. खेळण्यास खरें-खोटें नसतें. तें हातांत घेणाऱ्यास आवडलें कीं त्याचें कार्य झालें. प्रतिकृतीस मात्र तिच्याबाहेरच्या एका वस्तूपुढें जाब द्यावा लागतो. ती वस्तु अमुक ठिकाणीं, अमुक सालीं, अमुक स्थितींत होती. तिला सहा खिडक्या होत्या तर पांच करून चालत नाहीं, मग पांचच अधिक शोभोत. अमेरिकेंत अशा काटेकोर प्रतिकृतिकारांचे प्रांतोप्रांतीं मेळावे भरतात. त्यांत स्पर्धा व पारितोषिकें यांस फाटा देऊन पुरीं-अधुरीं सगळींच कामें मेजावर मांडण्याची चाल आहे, आणि मालगाडीचा एखादा डबा कोणत्या सालीं कोणत्या रंगाचा होता यावर सप्रमाण व्याख्यानें होतात. या मंडळींस वेडे म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. परंतु मग शिलालेखाच्या एका अक्षरावर दहा वर्षें भांडणाऱ्या संशोधकांसहि त्याच पंक्तीस बसवावें लागेल.

आमच्या म्हणण्याचा व्यत्यासहि पाहावा. ग्वाल्हेरीस शिंदे सरकारांच्या जयविलास राजवाड्यांत भोजनाच्या लांबलचक मेजावर रुळ बसविलेले आहेत, आणि त्यांवरून चांदीची एक आगगाडी मद्य व चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे. ती गाडी मौल्यवान आहे, मोठ्यांच्या मेजवानीची आहे, एका मराठी राजघराण्याची आहे. तरी तें खेळणेंच. ती कोठून निघते आणि कोठें जाते असा प्रश्न तिला विचारतां येत नाहीं. याच्या उलट मूर्तिजापुराच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानें बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून कापून केलेल्या एका वाघिणीस तो प्रश्न विचारतां येतो व ती त्याचें उत्तरहि देते. या म्हाताऱ्याची हकीकत पुढें येईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. आणि तो निम्मा खरा आहे हें आम्ही प्रथमच कबूल करतों. जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें लाइप्झिगच्या जत्रेंत १८९१ सालीं ठराविक मापांच्या खेळण्यांच्या आगगाड्या मांडल्या; इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यानें १९२० च्या सुमारास आपल्या गाड्या बाजारांत आणल्या. तेव्हांपासून हा व्यवहार युरोपच्या कारखानदारांच्या हातीं गेला, आणि आपल्याकडे ज्यांस हा नाद लागला त्यांनीं तो बहुधा विलायतेहून आलेल्या खोक्यांतून उचलला. खोकें उघडावें, रुळ जुळवावे, वीज जोडावी, गाडी फिरूं लागते. ज्याच्याजवळ पैसा त्याच्याजवळ गाड्या अधिक, आणि ज्याच्या गाड्या अधिक तो मोठा हौशी, असा हिशेब या मंडळींत चालतो हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण हा दोष खरेदीचा आहे. प्रतिकृति करूं पाहणाऱ्याचें पहिलें हत्यार म्हणजे मोजण्याची फीत. ती कोणत्याहि शिंप्याजवळ मिळते. दुसरें हत्यार वही व पेन्सिल. नंतर पुठ्ठा, पत्रा, कानस, डाख देण्याची सळई आणि धीर. यांतील शेवटची वस्तु मात्र आमच्या वर्गांत महाग झाली आहे. ज्या घरांत मुलानें कानस हातीं धरली तर "तें काम मिस्त्रीचें" असें सांगून ती काढून घेतात, त्या घरास हा नाद श्रीमंतीचा वाटेल यांत नवल नाहीं. कारण हातानें करावयाचें सोडलें म्हणजे विकत घेणें तेवढें उरतें.

तिसरा आक्षेप असा कीं, छायाचित्रें आहेत, हलतीं चित्रें आहेत. मग पुठ्ठ्याचें स्टेशन कशाला? यास उत्तर हेंच कीं, आक्षेपकानें एकदां तरी एखाद्या परिचित इमारतीची प्रतिकृति करून पाहावी. आम्हीं हा प्रयोग आमच्या वणीच्या स्टेशनावर केला. लहानपणापासून पाहिलेलें स्टेशन. डोळे मिटून काढूं असा आमचा अभिमान होता. जवळ छायाचित्रेंहि पुष्कळ होतीं. पहिली भिंत उभी राहिली, दुसरी राहिली, आणि तिसरीपाशीं आमचा हात थांबला. मागच्या अंगास किती खिडक्या? पावसाचें पाणी छपरावरून कोणत्या बाजूस उतरतें? दिव्याचा खांब दारापासून किती पावलांवर? छायाचित्रांतली प्रत्येक मंडळी पुढच्या अंगास उभी राहून हंसत होती. मागची बाजू कोणीच टिपली नव्हती. छायाचित्र आपणांस अज्ञान झांकूं देतें. प्रतिकृतीस मात्र चार बाजू असतात आणि पांचवी छपराची असते. जें ठाऊक नाहीं तेथें भोंक पडतें. तें भोंक बुजविण्यासाठीं आम्हांस पुन्हां स्टेशनावर जावें लागलें, आणि तेथें चाळीस वर्षें ये-जा करूनहि जें आम्हीं पाहिलें नव्हतें तें त्या एका दुपारीं पाहिलें.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आगगाडी परकीयांनीं आणली, आपल्या सोयीसाठीं आणली, आणि आम्ही तिच्या आठवणी चिमटींत धरून कुरवाळतों. आगगाडीवरील कित्येक लेख आम्हीं वाचले आहेत. वाफेचा धूर, शिट्टीचा सूर, आजोळची वाट, असल्या मजकुराखेरीज त्यांत कांहीं नसतें. तशा लेखांवर हा आक्षेप लागू पडतो. पण काटेकोर प्रतिकृति करणाऱ्यावर तो लागू पडत नाहीं. उलट त्याच्यासारखा निर्दय साक्षीदार दुसरा नाहीं.

आमच्याच तालुक्याचें उदाहरण घ्यावें. माजरीहून वणीवरून राजुरास फांदी आली ती कोळशासाठीं व चुन्यासाठीं आली. उतारूंची सोय हा मागाहूनचा विचार. हें वाक्य व्याख्यानांत सांगितलें तर श्रोते मान डोलवितात व विसरतात. पण हीच फांदी प्रमाणांत मेजावर मांडूं लागा. फलाट वीतभर होतो आणि मालाचें आवार मेजाच्या टोकापर्यंत जातें. आजच्या कोळशाच्या गाडीचा एक डबा १०.७१३ मीटर लांब असतो. असे ५८ डबे जोडले म्हणजे सत्त्याऐंशी पटीनें लहान करूनहि गाडी सात मीटरांहून लांब होते. आमच्या घरांतील सर्वांत मोठी खोली तिला पुरत नाहीं. माणूस त्याच प्रमाणांत दोन सेंटिमीटरांचाहि होत नाहीं. एवढासा माणूस, वीतभर फलाट आणि खोलीच्या भिंती फोडून जाणारी कोळशाची गाडी! या भागांतून काय बाहेर गेलें आणि आंत काय आलें हें सांगण्यास याहून सरळ पुरावा कोणता? मूर्तिजापूर-यवतमाळ व मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळाच्या दोन फांद्यांचेंहि तसेंच. त्या कापसाच्या मुलखांत पसरल्या व मुंबईच्या मोठ्या रस्त्यास मिळाल्या. जो प्रतिकृतिकार प्रमाण पाळतो त्यास हें लपवितां येत नाहीं. जो लेखक "शकुंतला" हें गोड नांव घेऊन उसासे टाकतो त्यास तें सहज लपवितां येतें. तेव्हां गुलामगिरीचें व्यसन कोणास जडलें आहे याचा निवाडा वाचकांनींच करावा.

येथवर आम्ही आमच्या नादाची वकिली केली. आतां आरोपीच्या पिंजऱ्यांत आम्हांसच उभें राहावयाचें आहे.

त्या माडीवर नऊ मेजें होतीं. आठ मेजांवर काय होतें? स्वित्झर्लंडचे बर्फाळ डोंगर, उतरत्या छपरांचीं जर्मन खेडीं, इंग्लंडांतील हिरवीं शेतें आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या. आमचेंहि मेज त्या आठांतलेंच. आल्प्स पर्वतांतील एक स्टेशन आम्हीं तीन हिवाळे खपून सजविलें होतें. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या होत्या, आणि दिवे लागले म्हणजे मंडळी वाहवा करीत. नववें मेज कोपऱ्यांत होतें. त्यावर हात-दीड हात लांबीची एक फळी, तिच्यावर अरुंद रुळाचा एक तुकडा, आणि त्यावर पत्र्याची ती एक वाघीण. शेजारीं तेलकट पुठ्ठ्याची एक वही. मालक सत्तरी उलटलेले, रेल्वेंतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं शकुंतलेच्या डब्यांचीं मापें उभ्या हयातींत जमेल तशीं घेऊन त्या वहींत उतरविलीं होतीं. त्यांच्या मेजापाशीं दोन दिवसांत मोजकीं माणसें थांबलीं असतील. वाघीण विजेवर चालत नव्हती ना!

दुसऱ्या दिवशीं ते आमच्या मेजापाशीं आले. बराच वेळ वांकून पाहिलें, मग अगदीं सरळपणें विचारलें, "साहेब, हें कुठचं ठेसन?" आम्ही गप्प झालों. तें कोठचेंच स्टेशन नव्हतें. खोक्यावरच्या चित्रावरून तें केलें होतें. त्यांनीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. विचारण्याची गरजहि राहिली नव्हती. विद्वान गृहस्थांच्या व्याख्यानाची आम्हांस जी चीड आली तिच्या मुळाशीं हा प्रश्न होता हें आम्ही येथें मोकळेपणानें सांगून टाकतों.

मेळाव्यांतील मित्र यावर म्हणतील कीं, काय करणार, बाजारांत मिळतें तेंच विदेशी. ही सबब तपासून पाहण्याजोगी आहे, कारण ती अर्धी खरी असून पुरी खोटी आहे. जगांत सर्वांत अधिक चालणारें प्रमाण सत्त्याऐंशीस एक हें होय. त्याचे रुळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेंतील खरा रुळ १४३५ मिलिमीटरांचा आहे. आपला रुंद रुळ १६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे साडेपांच फूट, एका मध्यम माणसाच्या उंचीएवढा. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटरांहून किंचित् अधिक होतो. तेव्हां विलायती रुळावर भारतीय डबा ठेवला तर त्याचे पाय प्रमाणानें साडेनऊ इंच जवळ येतात. बैल अंगानें खिलारी आणि पायांनीं शेळी, असा तो प्रकार दिसतो. येथवर मित्रांची तक्रार रास्त आहे. रुंद रुळाच्या गाडीसाठीं रुळ हातांनींच घडविला पाहिजे.

पण विदर्भाचा अरुंद रुळ घ्या. तो अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा. सत्त्याऐंशीनें भागा: पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि बाजारांत लहान गाड्यांसाठीं नऊ मिलिमीटरांचा तयार रुळ वाटेल तितका मिळतो! फरक एक चतुर्थांश मिलिमीटराचा. तो डोळ्यांस दिसतहि नाहीं. सारांश, जगांतल्या कारखानदारांनीं नकळत जो रुळ आमच्या शकुंतलेसाठीं, नागपूर-नागभीडच्या गाडीसाठीं आणि बार्शीच्या गाडीसाठीं तयार करून ठेवला आहे, त्यावर आम्ही आल्प्स पर्वतांतील गाड्या चालवीत आहों. सामग्रीची सबब येथें टिकत नाहीं. उणीव आहे ती आपल्या वस्तूकडे पाहण्यासारखी वस्तु म्हणून पाहण्याची.

बार्शीचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों. ती आमच्या वर्गास पुरेशी लाजविणारी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें सोलापूर जिल्ह्यांत बार्शी लाइट रेल्वे काढली व तिचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला. अडीच फुटी रुळावर मोठे, मजबूत डबे कसे चालवावे याचा कित्ता त्यानें तेथें घालून दिला. त्याच कॅलथ्रॉपनें पुढें इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक व मॅनिफोल्ड नांवाची तशीच अडीच फुटी गाडी १९०४ सालीं उभी केली. तिचीं इंजिनें, तिचे डबे बार्शीच्या वळणाचे. इंग्लंडच्या दऱ्याखोऱ्यांत ती हिंदुस्थानांतून आल्यासारखी दिसे. ती १९३४ सालीं बंद पडली. म्हणजे उणींपुरीं तीस वर्षें चालली. तरी तिचीं मापें, तिचे नकाशे, तिच्या डब्यांचे पिंवळे रंग इंग्लंडांतील हौशी माणसांनीं जपून ठेवले, आणि आजहि तिकडे तिच्या प्रतिकृति होत आहेत. बार्शीची गाडी तिच्याहून कितीतरी पट जगली. ती पंढरपुरास गेली, लातुरास गेली, मिरजेस जाऊन भिडली. वारीच्या दिवसांत तिनें किती वारकरी वाहिले याची गणती नाहीं. मूळ आमचें, शाखा त्यांची. शाखेचें पान न् पान त्यांनीं जपलें. मुळाच्या किती प्रतिकृति महाराष्ट्रांतील घरांत आहेत, हें ज्याचें त्यानें आपल्या घरांत पाहून सांगावें.

दुसरें उदाहरण रॉय इंग्लंड याचें. हा ऑस्ट्रेलियाचा राहणारा. १९२५ सालीं तो इंग्लंडांत आला, आणि तिकडील व्हाइट हॉर्स नांवाच्या खोऱ्यांतील जुनीं गवती छपरांचीं घरें एकामागून एक मोडत व बदलत आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें. घरें वांचविण्याचें सामर्थ्य त्याच्याजवळ नव्हतें. त्यानें तीं मोजलीं, आणि फुटास चार मिलिमीटर या प्रमाणांत तीं विटेविटेनें, कौलाकौलानें पुठ्ठ्यांत उभीं करूं लागला. पुढें १९५४ सालीं त्यांतून पेंडन येथील संग्रहालय निघालें. आज ज्यास १९३० च्या आसपासचें तें खोरें पाहावयाचें असेल त्यास तेथेंच जावें लागतें. एका परक्या मनुष्यानें दुसऱ्याचा गांव इतक्या निष्ठेनें जपला, आणि आम्ही आमच्या गांवीं बसून परक्या देशाचीं फुलें कुंडींत लावीत होतों!

आपल्याकडे कांहींच झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं स्वतःच्या हिंमतीवर लघुरेल्वेचें संग्रहालय उभारलें व १९९८ पासून तें लोकांस खुलें आहे. तेथें इंजिनें, सिग्नल, पूल, सर्व व्यवस्था एका हुकमतींत चालतांना पाहून हजारों मुलांचे डोळे विस्फारले आहेत. नागपुरास मोतीबागेंत अरुंद रुळाच्या गाड्यांचें संग्रहालय २००२ सालीं निघालें. तेथें खरीं इंजिनें व डबे जवळ जाऊन पाहतां येतात. पहिल्या ठिकाणीं कौशल्य आहे व दुसऱ्या ठिकाणीं मूळ वस्तु आहे. या दोहोंची सांगड घालणें, म्हणजे मोतीबागेंतील वस्तूस कोथरुडांतील कौशल्य लावणें, हें काम घराघरांतून व्हावयाचें आहे. तें कोणत्याहि संग्रहालयावर ढकलून चालणार नाहीं.

आणि तें काम उद्यांवर टाकण्यासारखेंहि राहिलेलें नाहीं. शकुंतलेचें वाफेचें इंजिन मँचेस्टर शहरीं १९२१ सालीं बांधलेलें. तें १९९४ पर्यंत गाडी ओढीत होतें. त्यानंतर डिझेल आलें, आणि आतां यवतमाळच्या ११३ किलोमीटरांच्या मार्गावर गाडीच धांवत नाहीं. नागपूर-नागभीडची अरुंद गाडी २०१९ सालीं थांबली. नव्या मार्गांविषयीं आमचें गाऱ्हाणें नाहीं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ सालीं सुरू झाला, त्याचें आम्ही स्वागतच करतों. लोकांस वेगानें व सुखानें जातां यावें. जुनी गाडी रखडत होती, डबे मोडके होते, आणि तिच्यांत रोज बसणाऱ्यास तिच्या काव्याची फारशी जाणीव नव्हती. परंतु रुळ उपटले जाणें आणि स्मृति पुसली जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारच्या हातची, दुसरी आमच्या.

शकुंतलेविषयीं वर्तमानपत्रांत जें छापून येतें तें पुष्कळसें एकाच गोष्टीचें पुनर्मुद्रण असतें: गाडी किलिक निक्सन कंपनीची, आणि स्वातंत्र्यानंतरहि मालकी खासगी राहिली. गोष्ट चमत्कारिक आहे म्हणून ती सांगतात. परंतु दारव्ह्याच्या स्टेशनांत पाण्याची टांकी कोणत्या बाजूस होती, कापसाच्या गांठी कोणत्या धक्क्यावर चढत, फाटकापाशीं गाडी थांबवून गाडीवरचाच मनुष्य खालीं उतरे तो कोणत्या दारानें उतरे, हें कोणीं लिहून ठेवलें? तें त्या तेलकट वहींत आहे. त्या वहीची दुसरी प्रत नाहीं. ती घेऊन एक सत्तरी उलटलेला मनुष्य मोटारीनें मेळाव्यास येतो, कोपऱ्यांतल्या मेजावर ती मांडतो, आणि आम्ही सुशिक्षित लोक तिच्यावरून पुढें जाऊन स्वित्झर्लंडच्या बोगद्यांतून गाडी कशी बाहेर पडते तें पाहत उभे राहतों. पोरखेळ कोठें चालला होता असें विद्वान गृहस्थ आम्हांस विचारतील तर आम्ही त्यांस तें मेज दाखवूं. तें आमचेंच होतें.

कित्येक मित्र म्हणतील, नादांत एवढा नियमधर्म कशाला? करमणूक ती करमणूक. आम्ही कोणाची करमणूक हिरावून घेत नाहीं. ज्यास बर्फ आवडतो त्यानें बर्फ करावा. पण नऊ मेजांपैकीं आठांवर बर्फ असावा, आणि तोहि बेचाळीस अंशांच्या उन्हांत कोळशाची धूळ खाणाऱ्या मुलखांत, हें करमणुकीचें लक्षण नसून विस्मरणाचें आहे. शिवाय ज्यांनीं काटेकोर काम केलें आहे त्यांस विचारून पाहावें. छपराची एक खरी उतरण सांपडल्याचा जो आनंद, तो शंभर खोकीं उघडूनहि मिळत नाहीं.

काम फार मोठें नाहीं. सबंध कोळशाची गाडी खोलींत मावत नाहीं हें वर सांगितलेंच. ती मावविण्याचा हट्टहि नको. एका घरानें एक स्टेशन घ्यावें, एका शाळेनें एक फाटक, एका वाचनालयानें एक नकाशा. राजुराच्या चुनाभट्ट्या आहेत, माजरीचें जंक्शन आहे, मूर्तिजापुराचें आवार आहे. प्रथम मोजावें, मग लिहावें, मग करावें; आणि ज्यांनीं त्या गाड्या चालविल्या त्या म्हाताऱ्या माणसांस करण्यापूर्वीं विचारावें, कारण करून झाल्यावर विचारण्यास तीं असतीलच असें नाहीं. आमच्या घरांतील मुलांनीं तान्ह्या पोळ्याचा बैल जसा पारखून घेतला तसा हा डबाहि पारखावा. लांकडाचा बैल शेत नांगरीत नाहीं. तरी ज्या गांवांत तो चांगला होतो त्या गांवांत खऱ्या बैलाची पारख शिल्लक आहे असें समजावें.

आम्हीं आमचें आल्प्स पर्वतांतलें स्टेशन या महिन्यांत मोडलें. रुळ तेवढे ठेवले. ते नऊ मिलिमीटरांचे आहेत. त्या गृहस्थांस पत्र घातलें होतें, त्याचें उत्तर परवां आलें. वही उतरवून घेण्यासाठीं पुढच्या आठवड्यांत आम्ही मूर्तिजापुरास जाणार आहों. आमच्या विद्वान मित्रांसहि आम्हीं बरोबर येण्याचें निमंत्रण दिलें आहे; फितीचें दुसरें टोंक धरण्यास माणूस हवाच आहे.